टीव्ही आधी खेड्यात : डॉ. विक्रम साराभाई



मागे एकदा आपल्या रविवारच्या वर्गात चांद्रयानाचा धडा घेतला होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद उतरलेल्या चांद्रयान-३ च्या लँडरचे नाव विक्रम, असे बाईंनी फळ्यावर लिहिले. लगेच मधल्या गटातल्या एका मुलाने हात वर करून विचारले की, हा विक्रम म्हणजे वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजाच ना! सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना आमच्या मनात आले की, मुलाचे फारसे चुकले नाही. ज्यांचे नाव त्या लँडरला दिले आहे, त्या डॉ. विक्रम साराभाईंनीही एक प्रश्न खांद्यावर घेतला होता, आणि तो वेताळाइतकाच चिवट होता. गरीब देशात टीव्ही आणायचा, तर तो आधी कोणाकडे न्यायचा?

या अंकात आम्ही त्यांची गोष्ट सांगणार आहोत. रॉकेटचे, अणुशक्तीचे साराभाई तुम्हाला पुस्तकात भेटतील. आम्ही सांगणार आहोत ती खेड्यातल्या टीव्हीच्या साराभाईंची गोष्ट.

आधी टीव्हीविषयी थोडे. इथे वाढणाऱ्या तुम्हा मुलांना चित्र घरात येते कसे हा प्रश्नच पडत नाही. तुमच्या आईबाबांना मात्र तो रोज पडायचा. आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी गच्चीवर चढून अँटेना फिरवलेला आहे. एकाने वर अँटेना धरायचा, एकाने जिन्यात उभे राहायचे आणि एकाने टीव्हीसमोर बसून चित्र आले की ओरडायचे. पडद्यावर मुंग्या आल्या की पुन्हा सगळे पहिल्यापासून. कावळा अँटेनावर बसला तरी बातम्या गायब व्हायच्या.

असे का होई? टीव्हीच्या लहरी साधारण उजेडासारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे थोड्या अंतरावर जमीन खाली वळते आणि लहरी डोक्यावरून निघून जातात. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून क्षितिज दिसते ते साधारण ३६ किलोमीटरवर. त्याच्या फार पलीकडे चित्र पोचत नाही. वाटेत डोंगर आला, तर त्यामागच्या गावावर जणू डोंगराची सावली पडते. म्हणून प्रक्षेपक, म्हणजे चित्र आणि आवाज लहरींवर बसवून चारी दिशांना पाठवणारे यंत्र, शक्यतो उंचावर बसवतात. सिंहगडावर तुम्ही आजीआजोबांबरोबर पिठले-भाकरी खायला गेला असाल, तर तिथला टीव्हीचा मनोरा पाहिला असेल. तो गडावर का, ते आता तुमच्या लक्षात येईल.

आता विचार करा. साराभाईंच्या काळी भारतात पाच लाखांहून जास्त खेडी होती. दर साठ-सत्तर किलोमीटरवर एक मनोरा म्हटला तरी किती मनोरे लागतील, किती वर्षे लागतील आणि किती पैसा? मनोरा उभारणारे साहजिकच जिथे माणसे जास्त आणि वीज आहे तिथून, म्हणजे शहरापासून सुरुवात करणार. डोंगरापलीकडच्या गावाचा नंबर शेवटचा. बहुतेक देशांत टीव्ही याच क्रमाने पसरला. साराभाईंना हा क्रमच मान्य नव्हता.

हे साराभाई स्वतः मात्र खेड्यातले नव्हते, गरीब तर नव्हतेच. त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला झाला. वडील अंबालाल मोठे गिरणीमालक. आई सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी घराच्या आवारातच शाळा काढली होती. तिथे भाषा, गणित आणि विज्ञानाबरोबर हातांनी वस्तू बनवायलाही शिकवत. लहानग्या विक्रमने बनवलेले आगगाडीच्या इंजिनाचे छोटे मॉडेल अजून अहमदाबादच्या विज्ञान केंद्रात जपून ठेवलेले आहे. गांधीजींच्या चळवळीशी या घराचा जवळचा संबंध होता. घरात पैसा होता, पण तो कशासाठी वापरायचा याची चर्चाही होती.

पुढे विक्रम इंग्लंडला केंब्रिजला शिकायला गेले. १९४० मध्ये तिथली परीक्षा झाली, पण दुसरे महायुद्ध सुरू असल्यामुळे ते भारतात परतले आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणारे अतिसूक्ष्म कण. ते मोजण्यासाठी साराभाईंनी बंगलोर, पुणे आणि हिमालय अशा ठिकाणी निरीक्षणे घेतली. बंगलोरलाच त्यांची होमी भाभांशी ओळख झाली, आणि १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी लग्नही झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले, १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले आणि त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते.

यानंतर त्यांनी संस्थांमागून संस्था उभ्या केल्या. कापड गिरण्यांसाठी संशोधन संस्था काढली, मृणालिनीबाईंबरोबर दर्पण ही नृत्यसंस्था काढली, १९६१ मध्ये अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून एक छोटे रॉकेट आकाशात गेले. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची ती सुरुवात. तिथल्या चर्चची इमारत गावाने या कामासाठी दिली होती, आणि तिथे रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र तुम्ही कुठेतरी पाहिले असेल.

तेव्हा अनेकांनी विचारले की, ज्या देशात लोकांना पोटभर खायला नाही, त्याला रॉकेट कशाला हवे? प्रश्न योग्यच होता. साराभाईंचे म्हणणे असे होते की, चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत आपल्याला धावायचे नाही. पण नवे विज्ञान सामान्य माणसाच्या अडचणींना लावायचे असेल, तर त्यात आपण कोणाच्याही मागे राहून चालणार नाही. आणि हे नुसते बोलून ते थांबले नाहीत. रॉकेट कशासाठी, याचे एक उत्तर त्यांच्याजवळ तयार होते : खेड्यातल्या टीव्हीसाठी.

भारतात टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ रोजी आला, तोही फक्त दिल्लीत आणि आठवड्यातून थोडाच वेळ. जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोगाची जबाबदारी साराभाईंवर आली. टीव्हीचा शेतकऱ्याला खरोखर उपयोग होतो का, हे आधी पाहावे असे त्यांनी ठरवले. आकाशवाणी, अणुऊर्जा खाते, दिल्ली प्रशासन आणि पुसा येथील कृषी संशोधन संस्था यांनी मिळून २६ जानेवारी १९६७ रोजी कृषिदर्शन हा कार्यक्रम सुरू केला. दिल्लीभोवतालच्या ८० गावांत एकेक सार्वजनिक संच ठेवला होता. संध्याकाळी गावकरी त्याच्यासमोर जमत, बियाणे, खत, कीड यांविषयी पाहत आणि मग आपसात चर्चा करत. पुढे अनेक वर्षे शहरातली मुले कृषिदर्शन लागले की टीव्ही बंद करून खेळायला पळत. आम्हीही पळालेलो आहोत! पण तो कार्यक्रम आपल्यासाठी नव्हताच, ज्यांच्यासाठी होता ते पाहत होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

८० गावे झाली. पण ती दिल्लीच्या प्रक्षेपकाच्या टप्प्यातली होती. ओडिशातल्या जंगलातल्या किंवा राजस्थानातल्या वाळवंटातल्या गावाचे काय? इथे साराभाईंनी वर आकाशाकडे पाहिले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच २४ तासांत एक फेरी मारतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. इतक्या उंच मनोऱ्याला डोंगर आडवा येत नाही. त्याला दिल्ली जवळ आणि खेडे दूर असा भेदही नसतो. दोघांवर लहरींचा सारखाच पाऊस पडतो. मनोऱ्यांच्या हिशेबात जे गाव शेवटचे, ते उपग्रहाच्या हिशेबात पहिले येऊ शकते. साराभाईंची योजना थोडक्यात अशी होती : शहरांसाठी जमिनीवरचे प्रक्षेपक आणि दूरच्या खेड्यांसाठी थेट उपग्रह.

अडचण एक होती. इतक्या लांबून येणारी लहर फार क्षीण होते. ती पकडायला तेव्हा केवढी मोठी थाळी लागे, ते पाहायचे तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी गावी जायला हवे. तिथल्या भूकेंद्राची थाळी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. हे केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. परदेशातून आयते आणण्याऐवजी ते भारतीय अभियंत्यांनी उभारावे हा साराभाईंचा आग्रह होता, आणि पुढे केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले : विक्रम भूकेंद्र. पण अशी थाळी गावोगाव बसवणे अशक्य. खाली लहान थाळी हवी असेल, तर वरचा उपग्रह जास्त समर्थ हवा. तसा उपग्रह भारताकडे नव्हता. तो बनत होता इथे, अमेरिकेत.

नासाच्या त्या उपग्रहाचे नाव एटीएस-६. अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी ९ मीटरची थाळी त्याला होती. साराभाईंच्या अणुऊर्जा खात्याने सप्टेंबर १९६९ मध्ये नासाशी करार केला. उपग्रह एक वर्षासाठी अमेरिकेने द्यायचा. खालचे सगळे, म्हणजे भूकेंद्र, टीव्ही संच, अँटेना, कार्यक्रम आणि दुरुस्ती, भारताने करायचे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली होती. म्हणजे इस्रोच्या अगदी पहिल्या मोठ्या कामांतले एक खेड्यात टीव्ही नेण्याचे होते.

कामाचा डोंगर होता आणि साराभाई एकाच वेळी चार-पाच संस्था सांभाळत होते. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, थुंबा असा सारखा प्रवास चालू असे. ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याजवळ कोवळमला ते रात्री झोपले ते उठलेच नाहीत. वय फक्त ५२. करार झाला होता, पण एकाही खेड्यात अजून उपग्रहाचे चित्र दिसले नव्हते.

मुलांनो, इथे आमची लेखणी थोडी थांबली. एखाद्या माणसाची गोष्ट त्याच्या मृत्यूपाशी संपायला हवी. पण साराभाईंची संपत नाही, कारण त्यांनी माणसे तयार केली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले प्राध्यापक यशपाल यांनी अहमदाबादच्या केंद्राची धुरा घेतली. आणि या प्रयोगाचे व्यवस्थापक होते आपले कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. १९२५ साली जन्मलेले चिटणीस साराभाईंच्या अगदी सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी.

३० मे १९७४ रोजी एटीएस-६ अवकाशात गेला. पहिले वर्षभर त्याने इथेच काम केले. अलास्कातल्या, रॉकी पर्वतातल्या आणि ॲपलेशियातल्या दुर्गम वस्त्यांना शिक्षण आणि आरोग्याचे कार्यक्रम दिले. डोंगराची सावली अमेरिकेतही पडते, हे लक्षात ठेवा. मग त्याला हळूहळू सरकवून भारताला दिसेल अशा जागी आणले, आणि १ ऑगस्ट १९७५ रोजी प्रयोग सुरू झाला. त्याचे नाव साइट.

ओडिशा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे. महाराष्ट्र त्यात नव्हता. निवडली होती ती मागासलेल्या भागातली गावे. हैदराबादच्या सरकारी कारखान्यात संच बनले. अँटेना होता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीचा, ३ मीटर व्यासाचा, साधा आणि हलका. जिथे वीज नव्हती तिथे काही संच बॅटरीवर चालत. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड भाषांत कार्यक्रम होत. चित्र एकच पण आवाज दोन पाठवण्याची सोय होती, त्यामुळे तेच चित्र एका राज्यात तेलुगूत आणि शेजारच्या राज्यात कन्नडमध्ये ऐकता येई. ज्यांनी कधी सिनेमाही पाहिला नव्हता अशी माणसे शाळेच्या ओसरीवर कंदील बाजूला ठेवून पडद्यासमोर बसली. तेव्हा कलकत्ता आणि मद्रास या महानगरांतही अजून टीव्ही केंद्र सुरू व्हायचे होते, तेही त्या ऑगस्टमध्ये झाले. क्रम खरोखर उलटा झाला होता!

पण वर्ष संपले. ३१ जुलै १९७६ रोजी ठरल्याप्रमाणे प्रयोग थांबला आणि उसना उपग्रह परत निघाला. जयपूर, रायपूर, संबळपूर, मुजफ्फरपूर, हैदराबाद आणि गुलबर्गा इथे १९७७ मध्ये जमिनीवरचे प्रक्षेपक सुरू झाले. त्यांच्या टप्प्यातल्या गावांना पुन्हा चित्र दिसू लागले. टप्प्याबाहेरची गावे पूर्वीसारखी अंधारात गेली. उसन्या दिव्यावर संसार चालत नाही, हा धडा या प्रयोगाने दिला.

दुसरा धडा गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातला. तिथे पीज या गावी १९७५ मध्येच एक किलोवॉटचा छोटा प्रक्षेपक बसवला होता. अहमदाबादहून इस्रोचे लोक त्याच्यासाठी कार्यक्रम करत, आणि ते तिथल्या चरोतरी बोलीत असत. मजुरीचे दर, दारू, जातीपातीचा जाच हे विषय गावकऱ्यांशी बोलून ठरत आणि गावकरी त्यात कामही करत. खेड्याने नुसते पाहिले नाही, ते पडद्यावर बोललेसुद्धा. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संपर्काचा पुरस्कार मिळाला. आणि १९८५ मध्ये हा प्रक्षेपक बंद करून हलवण्यात आला. गावकऱ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. तोवर मोठ्या प्रक्षेपकांवरून दिल्लीचे कार्यक्रम तिथे पोचत होते ना! पण दिल्लीच्या कार्यक्रमात चरोतरी बोली कुठली असणार?

भारताचा स्वतःचा इन्सॅट-१बी हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून गेला. त्याचे चित्र खाली घेऊन पुढे पसरवणारे १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर बसवण्यात आले. १९८४ मध्ये काही महिने तर जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. आमच्यापैकी एकीच्या तालुक्याच्या गावी याच लाटेत टीव्ही आला, आणि १९८७ मध्ये रामायण पाहायला अख्खी आळी एका घरात मावली. त्या काळातले ते प्रक्षेपक आता बहुतेक बंद झाले आहेत. आज खेड्यातल्या पत्र्याच्या छपरावरही ताटाएवढी थाळी दिसते, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या सेवेतून महिन्याचे पैसे न भरता थेट उपग्रहाचे चित्र येते. साराभाईंनी सांगितला होता तोच मार्ग.

मग साराभाई जिंकले का? आम्ही यावर बराच वेळ बोललो. आमचे एकमत झाले ते असे : चित्र पोचवण्याचे अर्धे काम पुरे झाले. त्या चित्रात खेड्याची स्वतःची बोली आणि स्वतःची अडचण दिसावी, हे दुसरे अर्धे काम पीजच्या मनोऱ्याबरोबर खाली उतरले, ते अजून पुरते वर चढलेले नाही. गोष्टीतला वेताळ प्रत्येक उत्तरानंतर पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो ना, तसेच हे.

आपण इथे परदेशात दर रविवारी मुलांना मराठी शिकवायला जमतो, तेही काहीसे याचसाठी. मोठ्या प्रक्षेपकाचा आवाज आपल्या घरात चोवीस तास येतच असतो. आपली बोली मात्र आपल्यालाच बोलावी लागते.

मुलांनो, पुढच्या रविवारी येताना एक काम करून या. आजीआजोबांना किंवा आईबाबांना विचारा की, त्यांच्या गावात पहिला टीव्ही कोणत्या साली आला, तो कोणाच्या घरी किंवा चावडीवर होता, आणि त्याच्यासमोर कोण कोण बसत असे. पाच-सहा वाक्ये मराठीत लिहून आणा. चांगली उत्तरे आम्ही पुढच्या अंकात छापू.